सालई कशी वाहते

आमच्या कोल्हापूरच्या स्टेशनात एक गाडी उभी असते आणि तिच्या पाटीवर दुसऱ्या टोकाचं नाव असतं गोंदिया. लहानपणापासून ती पाटी वाचत आले. राज्याचं एक टोक आमचं, दुसरं त्यांचं, एवढाच काय तो संबंध. त्या टोकाला जाऊन बघावं असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. शेवटी गेले ती एका जखमेपायी, आणि जखमसुद्धा झाडाची.

झालं असं, की आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि रिकामपणी हिमालयातल्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांविषयी वाचायला लागले. चिडाच्या खोडाला चीर दिली की तिच्यातून राळ वाहते. आता झाडात ना हृदय, ना पंप. मग ती राळ बाहेर ढकलतं कोण? या प्रश्नानं मला असं काही पछाडलं, की आमच्या ह्यांनी कंटाळून हिमाचलची सहल ठरवली आणि दोन स्वेटरही आणले. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा सडक अर्जुनीकडची, माझ्यासारखीच भौतिकशास्त्राची शिक्षिका. पुण्यातल्या एका प्रशिक्षणात आम्ही एका खोलीत राहिलो होतो, तेव्हापासूनची मैत्री. ती म्हणाली, "ताई, चीड पाहाले इतक्या लांब कायले जाता? आमच्या मामाच्या गावाले सालई आहे न. तिचाही डिंक तसाच वाहते. आणि आत्ता आल्या तर आमच्या कामाच्याही पडाल."

स्वेटर कपाटात गेले. २०१३च्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी त्या पाटीवाल्या गाडीत एकटीच बसले. आमचे हे म्हणाले, "डिंकाच्या लाडवांसाठी इतक्या लांब जाणारी तू पहिलीच."

फुलचूर

गोंदियात उतरले तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, फुलचूर में किधर जाना है?" मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत पत्ता सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला आणि पुढचा सगळा रस्ता तो माझ्याशी मराठीत बोलला. माझी दया आली असावी. तिथे भाजीवाला, औषधवाला, शाळेतून परतणाऱ्या मुली, सगळ्यांच्या तोंडी हिंदी-मराठी अशी एकाच वाक्यात नांदत होती, की दुसऱ्या दिवसापर्यंत मीही "चलो, जेवून घेऊ" म्हणायला लागले.

शहराला लागूनच असलेल्या फुलचूरला प्रज्ञाच्या भावाचं घर; प्रज्ञा आधीच तिथे येऊन थांबली होती. दारात "जयभीम, या ताई" म्हणून स्वागत झालं आणि पाणी हातात यायच्या आत वहिनींनी विचारलं, "भाकर लागते न तुमाले?" हा भाताचा मुलूख. सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात. पण पश्चिमेकडची बाई येणार म्हणून या माउलीनं ज्वारीचं पीठ कुठून तरी मिळवून ठेवलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच भाकरी थापली होती. ती चांगलीच जाड झाली होती, कडेला फाटली होती, मध्ये थोडी कच्चीही होती. मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. माझ्यासाठी इतक्या धास्तीनं कुणी स्वयंपाक केल्याचं मला आठवत नाही. त्या भाकरीचं ऋण मी मानते, आणि ते फेडायची घाईही नाही.

जेवता जेवता प्रज्ञानं काम सांगितलं. तिच्या मामाच्या गावामागे सालईचा डोंगर आहे. त्या जंगलातला डिंक, पानं, फुलं गोळा करायचा हक्क आता गावाकडे आला होता. प्रज्ञाच्या मामीनं, शेवंताबाईंनी, गावातल्या बायकांचा एक गट केला होता. दोघी-तिघी दुसऱ्या तालुक्यात जाऊन सालईला चीर कशी द्यायची ते शिकून आल्या होत्या, आणि ग्रामसभेनं त्यांना डोंगराच्या उतारावरची थोडी झाडं चाचणीसाठी दिली होती. परवा अख्खी ग्रामसभा डोंगरावर येणार होती. झाडं वाहतायत आणि तरी तगलीयत असं दिसलं, तर डोंगर गटाला मिळेल. नाहीतर काम बंद.

"आणि बंद झालं तर?" मी विचारलं.

"तर बाया दरवर्षीसारख्या मिरची तोडाले जातील, तेलंगणाकडे," प्रज्ञा म्हणाली. "दोन-दोन महिने. मामीचे हात पाहाल तुम्ही."

सडक अर्जुनी आणि पुढे

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून सडक अर्जुनीला महामार्गावरच्या एका ढाब्यावर चहा घेतला. ट्रकांची रांग, मोठ्यानं लागलेली गाणी आणि तळणाच्या कढईभोवती उभे असलेले चार राज्यांचे ड्रायव्हर. तिथून आत वळलं की पाच मिनिटांत सगळा गोंगाट विरतो. धानाची कापलेली शेतं, त्यांच्यात लाखोरी या कडधान्याचा सुकत आलेला हिरवा-तपकिरी पसारा, मध्येच बोडी म्हणजे छोटं तळं, आणि तिच्या काठावर सरळ उभे बगळे. आमच्याकडे उसानं भरलेली रानं बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना एवढं मोकळं आभाळ एकदम झेपेना. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. डिंकाचे व्यापारीही प्रवासवर्णनं वाचत असतील.

शेवंताबाई पन्नाशीच्या, काटक, आवाजात हुकूम. त्यांनी लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आणि बोडीतल्या माशांचा रस्सा पुढे ठेवला. वाढताना त्यांचे हात दिसले. बोटांच्या पेरांवरची कातडी पातळ आणि लालसर, जुनी भाजल्यासारखी.

"मिरचीनं," त्या म्हणाल्या. "रातची झोप नाई येत. डोऱ्याले हात लागला तं मेलीच समजा बाई. लेकरू जवर घेता येत नाई. औंदा मी नाई जात, न कोनाले जाऊ देत नाई. तुमी फक्त सभेत सांगा, का या पद्धतीनं झाड मरत नाई."

मी हो म्हटलं. माझ्या कामाची व्याख्या इतकी सोपी कुणी कधीच करून दिली नव्हती.

डोंगर

सालईचं झाड मी प्रथमच पाहिलं. त्या दिवसांत अंगावर एक पान नसतं. राखाडी-हिरवट खोड आणि त्यावरून कागदाच्या पापुद्र्यांसारखी सुटणारी साल. एका झाडाच्या चिरेखाली पांढुरके थेंब ओघळून थिजले होते. मी नाक जवळ नेलं आणि देवळातल्या धुपाचा ताजा, ओला वास आला.

इथे थोडं भौतिकशास्त्र सहन करा. सालईच्या सालीत बारीक नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती जिवंत पेशींचं अस्तर. या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि नळीतल्या राळेला चेपून धरतात. साल कापली की नळीचं तोंड उघडतं आणि राळ बाहेर ढकलली जाते. पंप तो हाच. पण राळ घट्ट असते, आणि गारठ्यात आणखी घट्ट. गुऱ्हाळावर पहाटे काकवीची घागर कलंडली तरी धार लागत नाही आणि दुपारी तीच भसकन ओतली जाते, तसं. त्यात नळीही बारीक. तिची रुंदी निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. हे गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पण त्याला वास असतो हे मला सालईखाली उभं राहिल्यावर कळलं. आणि नळ्या सालीतच असल्यामुळे कुऱ्हाडीनं लाकडापर्यंत जायची गरजच नसते. गटातल्या बायका हातभर दांड्याच्या पात्यानं सालीचा पातळ पापुद्रा तेवढा उतरवायच्या, आणि दर काही दिवसांनी त्याच चिरेची वरची कड ताजी करायच्या.

गेला आठवडाभर मात्र सगळ्या लाखोरी काढायला शेतात होत्या. त्यामुळे आम्ही वर पोचलो तेव्हा शेवंताबाईही झाडं बऱ्याच दिवसांनी बघत होत्या. वरच्या अंगाची झाडं ठीक होती. पण खालच्या उताराची, पायवाटेजवळची सात-आठ झाडं कोरडी ठणठणीत. चिरांवर एक मातकट थर, आणि थेंबाचा पत्ता नाही. सभा याच वाटेनं वर येणार होती.

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. मी लगेच शिक्षिकेच्या भूमिकेत शिरले. सांगितलं, काळजी करू नका, खालचा उतार सकाळी सावलीत असतो, राळ गारठलीय. आता झाडावर पानं नाहीत, म्हणजे उन्हात पानांवाटे पाणी उडून पेशींचा दाब उतरायची भीती नाही. दुपारी ऊन आलं की राळ सैल होईल आणि वाहील. प्रज्ञानंही मान डोलावली. दोन भौतिकशास्त्रवाल्यांचं एकमत झालं म्हटल्यावर बायका निवांत बसल्या आणि त्यांनी चिवड्याची पुडकी सोडली.

वाट बघता बघता मीही एका झाडाला टेकले. उठायला गेले तर अंबाडा झाडाला चिकटलेला. नेमकं वाहतं झाड निवडलं होतं मी. बायका पोट धरून हसल्या. एकीनं घरून मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि दोघींनी मिळून मला सोडवलं. राळ पाण्यानं हटत नाही, तेलात विरघळते, हे मला माहीत होतं. पण दोन अनोळखी बायका मायेनं आपले केस एक-एक करून सोडवतायत हा अनुभव कुठल्याच पुस्तकात नव्हता. माझी आई गेल्यापासून माझ्या डोक्याला असा हात कुणी लावला नव्हता.

दुपार झाली. खालच्या उतारावर टळटळीत ऊन आलं. झाडं कोरडीच.

माझं शास्त्र हरलं की झाडं आजारी पडली, काही कळेना. मी चिडून एका चिरेवरचा थर नखानं खरवडला. तो सालीचा नव्हताच. सुकलेली माती होती, आणि नख पिवळं झालं. शेवंताबाईंनी माझा हात ओढून नाकाशी नेला आणि वास घेतला.

"हरद आहे ही," त्या म्हणाल्या. "हे पार्बताकाकूचं काम."

पार्बताबाई त्याच गटातल्या, सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या शेतावर जात नव्हत्या, डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या चारत होत्या. थोड्या वेळानं त्या शेळ्यांमागून आल्या तेव्हा शेवंताबाईंनी थेटच विचारलं.

"होय, मीच लावली," त्या म्हणाल्या. लपवायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "हरद, तेल न वारुळाची माती. तुमी गेल्या लाखोरी काढाले. झाडं आपली उघडीच. रोज मले दिसे. बैलाच्या खांद्याले जखम झाली तं तशीच ठेवतो का आपन? वरच्या झाडापर्यंत पाय नाई चालत माहे, नाईतं तिथंबी लावली असती."

"काकू, उद्या सभा आहे वं. लोकं कोरडी झाडं पाहून काय म्हनतीन? काऊन केलं असं?"

"सांगितलं न, जखम होती."

त्या गावात जखम, मग ती पोराच्या गुडघ्याची असो की वासराच्या पायाची, संध्याकाळच्या आत हळद-तेलानं झाकतात. पार्बताबाईंनी तोच नियम झाडाला लावला होता. कोरडी माती राळेतलं पातळ तेल पिऊन घेते, उरतं ते कडक. नळ्यांना आयतंच बूच बसलं होतं.

शेवंताबाई डोळे पुसत खाली बसल्या. मग मीच समजूत घालायला पुढे झाले. म्हटलं, "पार्बताबाई, झाडाला आपली हळद लागत नाही. हा डिंक हीच त्याची हळद. जखम झाली की झाड स्वतःच तो तिथे पाठवतं. त्यातलं तेल उडून जातं, बाकीचा सुकून खपली धरतो. किडा आत शिरू पाहील तर चिकटून मरतो."

त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे हे त्याचं औषध?"

"हो."

"मंग आपन त्याच्या जखमेवरचं औषध काढून नेऊन रायलो का?"

वर्गात असा प्रश्न आला की मी "चांगला प्रश्न आहे, उद्या बोलू" म्हणायचे. डोंगरावर तेवढीही सोय नव्हती. मी प्रज्ञाकडे पाहिलं, प्रज्ञा शेळ्यांकडे पाहत होती.

संध्याकाळी शेवंताबाईंच्या अंगणात गट जमला. एक जण म्हणाली, पहाटे जाऊन माती धुऊन काढू, चिरा ताज्या करू, कोणाला कळणारही नाही. मला विचाराल तर मलाही ते पटलं होतं. शेवंताबाई बोटं चोळत म्हणाल्या, "उद्याचं उद्या पाहू."

सभा

सभेला निम्मं गाव आलं, शेतकरी, मजूर, लेकरं काखेत घेतलेल्या बाया. पुढे दशरथभाऊ. वयानं मोठे, आणि चाचणीला त्यांचाच कडवा विरोध होता. त्यांच्या तरुणपणी समोरच्या टेकडीवर ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली होती आणि काही वर्षांत तिथली सालई संपली. ती टेकडी त्यांनी मला काठीनं दाखवली. नुसता झुडपांचा डोंगर.

खालच्या झाडांवर हळदमाती तशीच होती. कोणीही ती धुतली नव्हती. शेवंताबाई सगळ्यांना आधी वर घेऊन गेल्या, त्यांनी पातं हातात घेतलं आणि एका झाडाच्या चिरेची वरची कड अलगद उतरवली. सगळे थांबले. थोड्या वेळात कापलेल्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके मणी उमटले, मोठे झाले, एकमेकांत मिसळले आणि हळूच खाली सरकले. मग मी माझं सांगितलं: नळ्या सालीत असतात, लाकूड शाबूत आहे, झाडाला मधे विसावा दिला तर ते मरत नाही.

"ते ठीक," दशरथभाऊ म्हणाले. "पन खालची झाडं काऊन कोरडी? मी येताना पायली. ती मेली का?"

शेवंताबाईंना तिथे काहीही सांगता आलं असतं. झाडं विसाव्याला ठेवलीयत म्हटलं असतं तरी खपलं असतं, आणि मी मान डोलावली असती. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि घडलं तसं सगळं सांगितलं. लोक हसायला लागले, तशा बायकांनी हात धरून वर आणलेल्या पार्बताबाई उभ्या राहिल्या आणि आदल्या दिवशीचा त्यांचा प्रश्न त्यांनी सगळ्या गावाला विचारला. हसू थांबलं.

मग खूप वादावादी झाली. मिरचीचं निघालं, ठेकेदाराचं निघालं, एकानं माझ्याकडे बोट दाखवून "या बाई तं दोन दिवसानं निघून जातीन" असंही सुनावलं. खरंच होतं ते. दशरथभाऊ मात्र खाली बसून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "ठेकेदाराच्या मानसांत एकानंबी कधी असं इचारलं नव्हतं. इचारनारी बाई गटात आहे, तं देऊन टाका डोंगर. पन एक ठरवा. झाड थकलं असं पार्बताबाईले वाटलं, का तिनं त्याले हरद लावावी. हरद लागली का त्या झाडाले सालभर कोनी हात नाई लावाचा. मंग ती म्हनन तेच."

हात वर झाले. शेवंताबाईंचाही झाला.

त्या उन्हाळ्यात त्या गावातून मिरची तोडायला कोणीही गेलं नाही, हे प्रज्ञानं मला नंतर फोनवर सांगितलं, आणि मी तो फोन ठेवून आमच्या ह्यांना चहा करून पाजला, इतकी खूश झाले. मी त्या गावाला दिलं ते थोडंसं पुस्तकी ज्ञान. गावानं मला जे दिलं त्याची मोजदाद करायला मी अजूनही बसलेली नाही. राळ वाहते कशी हे बघायला मी गेले होते. ती कुठे थांबवायची हे तिथे ठरलेलं पाहून आले, आणि त्या लोकांचे उपकार मी जन्मभर मानीन.

त्या दिवशी सभा उठली तेव्हा लोक उतरायला लागले होते. पार्बताबाई मात्र त्यांना चढवत नसतानाही काठी टेकत वरच्या झाडांत शिरल्या. कमरेची हळदीची पुरचुंडी त्यांनी सोडली. एकेका झाडावरून हात फिरवत त्या सगळ्यांत जाड खोडाच्या सालईपाशी थांबल्या. गटातलं सर्वांत जास्त वाहणारं झाड ते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंताबाई काही बोलणार असं मला वाटलं. त्या पुढे गेल्या, वारुळाची माती ओंजळीत घेऊन आल्या, आणि पार्बताबाई हळद कालवत असताना ती ओंजळ त्यांनी धरून ठेवली.